विहिरीकाठचे इंजिन : प्रस्तावना

महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘ऑइल इंजिन’ या नावाने ओळखले जाणारे यंत्र म्हणजे एका सिलिंडरचे, बहुधा पाच ते दहा अश्वशक्तीचे, डिझेलवर चालणारे आणि पाण्याच्या पंपाला जोडलेले इंजिन होय; आणि असे वापरून झिजलेले इंजिन विकत घेऊन किंवा घरच्याच अडगळीतून बाहेर काढून, ते अंगणात पूर्ण उघडून, त्याचा प्रत्येक भाग मोजून, निकामी भाग बदलून आणि शेवटी नीट जुळवून पुन्हा कामाला लावणे हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. इंजिनदुरुस्तीची पुस्तके बहुधा इंजिनाकडे एक स्वयंपूर्ण वस्तू म्हणून पाहतात आणि पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांच्या मापांपाशी थांबतात. धाराशिव जिल्ह्यात तेवढ्याने भागत नाही, कारण येथील विहिरीवरच्या इंजिनाचे बहुतेक आजार इंजिनात जन्मत नाहीत, ते विहिरीतून येतात. त्यामुळे विहिरीचा, पाण्याच्या पातळीचा आणि पाण्यातील क्षारांचा विचार न करता बांधलेले इंजिन कितीही कुशलतेने बांधले तरी काही हंगामांतच पुन्हा त्याच अवस्थेला येते.

जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या पठारावर असून धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. मांजरा आणि तेरणा पूर्वेकडे गोदावरीच्या खोऱ्यात, तर सीना आणि बोरी भीमेच्या खोऱ्यात जातात. म्हणजे हा जिल्हा दोन मोठ्या नदीप्रणालींच्या माथ्यावर बसलेला आहे, आणि पाणी येथे येण्यापेक्षा येथून जाण्याची घाई अधिक करते. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीला बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारणाऱ्या आदिलशाही कारागिरांनी हे चांगलेच ओळखले होते. भूपृष्ठाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या थरात आणि भेगांत, आणि हा साठा उथळ असल्यामुळे विहीर पावसाळ्याअखेर काठोकाठ येते, माघ-फाल्गुनापर्यंत उतरते आणि चैत्रात अनेकदा तळ दाखवते. विहिरीवरचा पंप येथे स्थिर पातळीवर कधीच काम करीत नाही, आणि त्याला चालवणारे इंजिनही नाही.

इंजिन येण्यापूर्वी पाणी मोटेने, म्हणजे बैलांनी ओढलेल्या चामडी किंवा लोखंडी पात्राने, थारोळ्यात ओतले जाई. मोट आणि विजेचा पंप यांच्यामधली काही दशके ऑइल इंजिनाची होती, आणि हे यंत्र मराठी उद्योगाच्या इतिहासाशी घट्ट बांधलेले आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये आपल्या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १८९७ मध्ये त्यांचे इंजिन प्रत्यक्ष चालून दाखवले गेले. पुढे १९३० च्या दशकात साताऱ्याच्या कूपर कारखान्यात डिझेल इंजिने बनू लागली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीत आधी नांगर आणि नंतर पंप तयार झाले, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ओतकाम आणि गुजरातेतील राजकोटचे लहान कारखाने यांनी त्यांत भर घातली. राजकोटची मंदगती इंजिने इंग्लंडमधील डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीच्या जुन्या रचनेवर बेतलेली होती. धाराशिव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यानंतर हैदराबाद राज्यात आणि १९५६ पासून मुंबई राज्यात. त्यामुळे येथे इंजिनांचा प्रसार पश्चिम महाराष्ट्राच्या मागोमाग, तगाई आणि भूविकास बँकेच्या कर्जांच्या आधाराने झाला. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी खोल करण्याची जी लाट आणली, तिच्याबरोबर इंजिनांची गरजही वाढली. ज्यांच्या घरी आज जुने इंजिन सापडते, त्यांच्या घरी ते बहुधा याच काळाचे किंवा त्यानंतरच्या एखाद्या दशकाचे असते.

या इंजिनांची दोन घराणी वेगळी ओळखावी लागतात. लिस्टर पद्धतीचे मंदगती इंजिन मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेते. त्याच्या सिलिंडरचा व्यास ११४.३ आणि पिस्टनची धाव १३९.७ मिलिमीटर असून त्याची जड फ्लायव्हीले, म्हणजे फेऱ्यांचा धक्का सावरणारी चाके, सहज नजरेत भरतात. दुसरे घराणे मिनिटाला १५०० फेऱ्यांचे, जिल्ह्यात अधिक आढळणारे. किर्लोस्करच्या पाच अश्वशक्तीच्या एव्ही-१ या नमुन्यात व्यास ८० आणि धाव ११० मिलिमीटर आहे. धाव म्हणजे पिस्टनने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे केलेला प्रवास. हे इंजिन चार धावांचे असल्यामुळे दर दोन फेऱ्यांत एकदा इंधन पेटते, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा, आणि आठ तासांच्या एका पाळीत तीन लाख साठ हजार वेळा. पिस्टनभोवतीच्या लोखंडी रिंगांना तेवढ्या वेळा तो दाब अडवावा लागतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे सोळा-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबली गेली की ती इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. या दाबण्यालाच मेस्त्रींच्या भाषेत ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात, आणि झिजलेल्या इंजिनाची मूळ तक्रार कॉम्प्रेशन गेल्याची असते: हँडल मारताना हात हलका जातो, थंड सकाळी इंजिन उठत नाही, आणि उठले तरी ओढत नाही.

कॉम्प्रेशन का जाते, या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर ‘झिजेमुळे’ असे आहे, आणि ते अपुरे आहे. झीज कशाची, कोठे आणि कोणत्या बाजूला, हे पाहिले की धाराशिवमधील इंजिन बहुधा एकाच दिशेकडे बोट दाखवते. ती दिशा आहे थंड करण्याच्या पाण्याची. पंपाच्या सोडपाइपाला एक छोटी तोटी बसवून त्यातले थोडे पाणी इंजिनाच्या जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पोकळीत फिरवायचे आणि दुसऱ्या तोंडाने पाटात सोडून द्यायचे, अशी ही व्यवस्था असते. जे पाणी उपसायचे तेच इंजिनाला थंड ठेवते.  पण विहीर आटते, आणि आटणाऱ्या विहिरीत या व्यवस्थेचा सर्वांत वाईट दोष उघडा पडतो: थंड करणारे पाणी नेमके तेव्हाच बंद होते जेव्हा इंजिनावर कोणाचे लक्ष नसते.

पाणी खाली गेले, फूट-व्हॉल्व्ह, म्हणजे चोषपाइपाच्या तळाची एकमार्गी झडप, उघडी पडली की पंप हवा ओढतो आणि ‘पाणी सोडतो’. पंपावरचा भार एकदम उतरतो, पण गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांवर ताबा ठेवणारी यंत्रणा, इंधन कमी करून फेरे तेवढेच राखतो, म्हणून दूर पाटावर बारे देत असलेल्या माणसाला आवाजावरून फारसे काही कळत नाही. जॅकेटमधले उरलेले पाणी उकळून वाफ होऊन जाते, पिस्टन लायनरमध्ये फुगतो आणि दोघांमधला तेलाचा पातळ थर तुटतो. लायनर म्हणजे सिलिंडरच्या आत बसवलेली, झिजली की बदलता येणारी नळी. येथपर्यंतचे नुकसान अनेकदा रिंगांवर निभावते. खरे नुकसान पुढच्या घाईत होते: माणूस धावत येतो, पंप भरतो, पाणी धरते, आणि विहिरीचे थंड पाणी तापलेल्या बिडावर एकदम आदळते, त्या क्षणी हेडला, विशेषतः दोन व्हॉल्व्हांच्या मधल्या अरुंद पुलाला, चीर पडते. अशा वेळी इंजिन बंद करून ते हाताला सोसेल इतके निवेपर्यंत जॅकेटची तोटी बंद ठेवणे एवढाच उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

उलट बाजूचा दोष अधिक सावकाश आणि म्हणून अधिक फसवा आहे. जितके थंड तितके चांगले या समजुतीने बहुतेक विहिरींवर जॅकेटची तोटी पूर्ण उघडी ठेवलेली असते. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर जॅकेटच्या पाण्याला ढोबळमानाने साडेतीन किलोवॅट उष्णता देते. मिनिटाला पाच लिटर पाणी सोडले तर ते जेमतेम दहा अंशांनी तापते आणि सव्वीस अंशांवर आत गेलेले पाणी छत्तीस अंशांवर बाहेर येते. सव्वा लिटर सोडले तर ते चाळीस अंशांनी तापून साठीच्या पुढे जाते, आणि इंजिनाला हवे असते ते हेच. थंड लायनरवर इंधनातील गंधकापासून बनणारे आम्ल दवासारखे जमते आणि बीड खात जाते. भारतात डिझेलमधील गंधकाचे प्रमाण १ एप्रिल २०२० पासून दहा लाखांत दहा भाग इतके कमी झाले आहे, परंतु जी इंजिने आज दुरुस्तीला येतात त्यांचे तारुण्य याहून कितीतरी पट गंधकाच्या डिझेलवर गेले आहे. शिवाय थंड इंजिनात डिझेल अर्धवट जळते, लायनरवरून खाली उतरते आणि तेल पातळ करते. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात ठेवला असता तो क्षण-दोन क्षण टिकावा, अधिक टिकू नये, ही जुनी कसोटी तापमापक नसलेल्या ठिकाणी आजही उपयोगी आहे.

तिसरी बाजू क्षारांची. काळ्या पाषाणातील पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि पाणी तापले की त्यांतील काही भाग पांढऱ्या-पिवळ्या खपल्यांच्या रूपाने जॅकेटच्या भिंतीवर बसतो. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम चुनखडीइतका कठीणपणा असलेले पाणी मिनिटाला पाच लिटर या वेगाने आठ तास फिरले तर जवळजवळ एक किलो क्षार जॅकेटमधून वाहून जातात. त्यांतला अगदी थोडा अंश मागे राहिला तरी काही वर्षांत लायनरच्या वरच्या भागाभोवती, जेथे उष्णता सर्वाधिक असते, खपल्यांचा थर साचतो. हा थर बिडापेक्षा कैक पटींनी कमी उष्णता वाहतो, त्यामुळे बाहेरचे पाणी थंड असूनही आतला लायनर तापलेलाच राहतो, आणि हात लावून पाहणाऱ्याची फसगत होते. तोटी बारीक केली की क्षार कमी येतात पण पाणी अधिक तापल्यामुळे अधिक प्रमाणात बसतात. ही पेचाची जागा आहे, आणि प्रस्तुत पुस्तकाचा कल येथे जुन्या मंदगती इंजिनांच्या पद्धतीकडे आहे. त्या इंजिनांना दोनशे लिटरचे पिंप जोडलेले असे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, पिंपात निवते आणि खालून परत येते, म्हणजे पंपाशिवायच फिरते. पिंपातले पाणी तेच ते राहते, त्यामुळे त्यातले क्षार एकदाच बसतात आणि पुढे फक्त उडून गेलेल्या पाण्याची भर घालावी लागते. ते पिंप पत्र्यावरून उतरलेल्या पावसाच्या पाण्याने भरले तर तेवढेही उरत नाहीत. पंपाने पाणी सोडले तरी इंजिन कोरडे पडत नाही, हा लाभ वेगळाच. पिंपाची जागा आणि ने-आण यांची अडचण खरी आहे, पण एकाच विहिरीवर कायम राहणाऱ्या इंजिनासाठी हा बदल नव्या पिस्टनइतकाच मोलाचा ठरतो.

हे सगळे ध्यानात घेऊन इंजिन उघडले की त्याचे भाग बोलके होतात. लायनरच्या वरच्या टोकाशी, जेथे वरची रिंग थांबून परत फिरते, तेथे बोटाला लागणारा कंगोरा हा नेहमीच्या झिजेचा. सर्व बाजूंनी सारखी आणि मळकट, बारीक खड्ड्यांची झीज ही थंड चालवण्याची. पिस्टनच्या अंगावर उभे चकचकीत ओरखडे एकाच बाजूला असतील तर त्या बाजूच्या जॅकेटमध्ये खपल्यांचा थर आहे का ते आधी पाहावे. सगळ्या रिंगा सारख्याच झिजल्या असतील आणि इनलेटचा मार्ग धुळीने मातकट असेल, तर दोष एअर क्लीनरचा, म्हणजे हवा तेलावरून गाळून घेणाऱ्या डब्याचा. सोयाबीन आणि तुरीच्या मळणीच्या दिवसांत त्यातले तेल बदलले जात नाही, आणि काळ्या मातीची धूळ रिंगांपर्यंत पोहोचते. अनेक ठिकाणी इंजिन उघडल्याबरोबर सगळे भाग एकत्र पाटीत टाकून रॉकेलने धुतले जातात. स्वच्छतेची ही घाई पुरावा धुऊन टाकते. भाग उतरवले त्या क्रमाने, उतरवले त्या दिशेने आणि आहेत तसे मळके मांडावेत, पाहावेत, टिपून ठेवावेत आणि मगच धुवावेत, हा नियम पुढील प्रकरणांत वारंवार येईल.

मोजमापाविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे, कारण त्याचा तपशील पुढे आहे. लायनरचा व्यास वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या दिशांनी घ्यावा. रिंग लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पट्ट्यांनी मोजावी. आणि पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याच्या आणि हेडच्या मधली जागा शिशाच्या तारेने तपासावी. तार पिस्टनवर ठेवून, गॅस्केटसह हेड कसून, फ्लायव्हील हाताने फिरवले की तार चेपते, आणि चेपलेली जाडी म्हणजे ती जागा. जुन्या इंजिनावर चुकीच्या जाडीचे गॅस्केट घातल्यामुळे ही जागा वाढलेली आणि कॉम्प्रेशन त्यामुळेच गेलेले अनेकदा आढळते. अशा वेळी नव्या रिंगांचा खर्च वाया जातो. क्रँकशाफ्ट घासून घेणे आणि नोझल व इंधनपंप चाचणीयंत्रावर लावणे ही कामे घरी होण्यासारखी नाहीत. त्यांसाठी सोलापूर किंवा लातूर, अथवा सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील नळदुर्ग-उमरग्याकडची लेथ आणि डिझेल दुरुस्तीची दुकाने गाठावी लागतात. बाकी सर्व, म्हणजे व्हॉल्व्ह घासून बसवणे, लायनर आणि रिंगा बदलणे, बुश ठोकणे, टॅपेटची फट लावणे, हे अंगणात निगुतीने होऊ शकते.

इंधनपंपाला मात्र वेगळा आदर द्यावा लागतो. त्यातील प्लंजर आणि बॅरल, म्हणजे दांडा आणि त्याची नळी, एकमेकांत मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश इतक्या फटीने बसतात, आणि डिझेल हेच त्यांचे वंगण असते. डिझेल महाग म्हणून त्यात रॉकेल मिसळण्याची एके काळची रीत या जोडीला मारक ठरली, कारण रॉकेल पातळ असते आणि वंगण म्हणून कमी पडते. नोझल सुमारे २०० बारच्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोनशेपट दाबावर उघडते. फवारा कसा पडतो ते पाहण्यासाठी त्यापुढे बोट धरणे जीवावर बेतू शकते, कारण तो फवारा कातडीत घुसतो आणि अशी जखम बाहेरून टाचणी टोचल्यासारखी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

जुळवणी किंवा ट्यूनिंग या शब्दाने जास्त ताकद काढणे असा अर्थ मोटारसायकलींच्या संदर्भात रूढ झाला आहे. विहिरीवर त्याचा अर्थ ठरलेले फेरे, ठरलेल्या वेळी इंधन आणि पंपाशी मेळ, असा आहे. इंधन फवारण्याचा क्षण पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किती आधी यावा हे अंशांत सांगितले जाते; किर्लोस्करच्या टीव्ही-१ या नमुन्यासाठी तो २३ अंश आहे. फ्लायव्हीलचा परीघ १८०० मिलिमीटर असेल तर एक अंश म्हणजे पाच मिलिमीटर, आणि २३ अंश म्हणजे ११५ मिलिमीटर. हे अंतर खडूने आखून, इंधनपंपाची डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून, थेंब थांबण्याचा क्षण त्या खुणेशी जुळवता येतो, आणि पंपाखालच्या पातळ पत्र्यांची संख्या बदलून तो मागेपुढे करता येतो. फेऱ्यांच्या बाबतीत मोह आवरावा लागतो. पाणी जास्त यावे म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग ताणून फेरे दहा टक्क्यांनी वाढवले, तर पंपाला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे तेहतीस टक्क्यांनी वाढते. इंजिन काळा धूर ओकू लागते आणि डिझेलचा खर्च मिळालेल्या पाण्याच्या मानाने कितीतरी अधिक होतो. पाच अश्वशक्तीच्या निरोगी इंजिनाला पूर्ण भारावर तासाला सुमारे एक लिटर डिझेल पुरते, आणि जुळवणीचे यश मोजण्याची सर्वांत प्रामाणिक पद्धत म्हणजे खुणा केलेल्या बाटलीतून एक तास इंजिन चालवून हा आकडा पाहणे.

विहिरीची खोली हा यापुढचा प्रश्न. काठावर बसवलेला पंप पाणी ओढतो असे म्हटले तरी प्रत्यक्षात हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि ६५० मीटर उंचीवर तो दाब फार तर साडेनऊ मीटर पाणी उचलू शकतो. पाइपातील घर्षण आणि गळती धरता सहा-सात मीटरांच्या पुढे भरवसा नसतो. म्हणूनच जुन्या विहिरींत मध्यावर खोदलेले टप्पे दिसतात, ज्यांवर उन्हाळ्यात इंजिन उतरवले जाई. हे टप्पे आता वापरू नयेत, असे या पुस्तकाचे निक्षून सांगणे आहे. खोल विहिरीत इंजिनाचा धूर साचतो, त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि विहिरीत उतरलेला माणूस बेशुद्ध झाल्यावर त्याला काढायला गेलेला दुसराही तेथेच राहतो. खुद्द इंजिनालाही तेथे तापलेली, धुराने भरलेली हवाच मिळते, त्यामुळे त्याची ताकद उतरते. पाणी टप्प्याच्या खाली गेले की इंजिनाचे काम संपले असे समजून विजेच्या बुडत्या पंपाकडे वळणेच शहाणपणाचे आहे.

हे म्हणताच हा खटाटोप आज कशासाठी, असा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. कूपनलिकांची खोली शेकडो फुटांत गेली आहे आणि तेथे काठावरचा पंप निरुपयोगी आहे; शेतीची वीज पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री येते; आणि २०१९ पासून पीएम-कुसुम योजनेतून सौरपंपही शिवारात दिसू लागले आहेत. तरीही शेततळ्यातून ठिबकच्या टाकीत पाणी चढवायला, ओढ्याच्या बंधाऱ्यावरून किंवा निम्न तेरणा आणि सीना-कोळेगाव या प्रकल्पांच्या फुगवट्याच्या कडेने एखादे पाणी द्यायला, कडबाकुट्टी किंवा रसवंती चालवायला, वीज आणि ऊन दोन्ही नसताना चालणारे हे यंत्र उपयोगी पडते. ज्वारीला ऐन पोटऱ्यात एक पाणी चुकले तर होणारे नुकसान इंजिनाच्या सगळ्या खर्चाहून मोठे असू शकते. अशा प्रसंगी वर्षातून पंधरा-वीस दिवस लागणाऱ्या यंत्रासाठी नवे इंजिन घेणे परवडत नाही, आणि जुने नीट बांधून ठेवणे परवडते.

या विषयाचे ज्ञान जिल्ह्यात आहे, पण ते मेस्त्रींच्या हातांत आहे, कागदावर नाही. तेलाचा वास घेऊन त्यात डिझेल उतरले आहे का ते सांगणारा, फ्लायव्हील कॉम्प्रेशनवर किती उसळी घेते यावरून रिंगांची अवस्था ओळखणारा कारागीर हा मोजमापांचा शत्रू नव्हे. त्याचे अंदाज बहुधा बरोबर निघतात, आणि फिलर गेजने ते तपासले तर अधिकच विश्वासार्ह होतात. मात्र जेथे रिवाज चुकीचा आहे तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे: उदाहरणार्थ, खपल्या काढण्यासाठी तीव्र आम्ल जॅकेटमध्ये रात्रभर ठेवणे, ज्यामुळे खपल्यांबरोबर बीडही जाते, किंवा नव्या रिंगा घातल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण भार देणे. नव्या रिंगा लायनरशी घासून बसायला काही तास हलका, मग मध्यम भार लागतो, त्यानंतर तेल बदलावे लागते आणि हेडचे नट पुन्हा ठरलेल्या क्रमाने कसावे लागतात.

काही इंजिने बांधूच नयेत. जॅकेटच्या बाजूने ब्लॉकला आरपार चीर असेल, क्रँकशाफ्ट घासून घासून शेवटच्या मापाखाली गेला असेल, कनेक्टिंग रॉड वाकून ब्लॉकला आतून ठोकला असेल, किंवा नमुन्याचे लायनर आणि पिस्टन बाजारात मिळेनासे झाले असतील, तर असे इंजिन भंगाराच्या भावाने विकावे आणि त्यातील चांगली फ्लायव्हीले, इंधनपंप व मॅनिफोल्ड दुसऱ्या इंजिनासाठी ठेवावीत. विकत घेताना इंजिन थंड असतानाच पाहावे, कारण विकणारा ते आधीच चालवून तापवून ठेवतो आणि तापलेले इंजिन झिजलेल्या रिंगांवरही सहज उठते. तेलाची पट्टी दुधाळ असेल तर तेलात पाणी आहे. पिंपात किंवा बाहेरच्या पाण्यात बुडबुडे येत असतील तर गॅस्केट किंवा हेड गेले आहे. निळा धूर तेल जळत असल्याचा, पांढरा धूर कमी कॉम्प्रेशनचा किंवा आत शिरलेल्या पाण्याचा. आणि सौदा करण्यापूर्वी विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा: हे इंजिन कोणत्या विहिरीवर होते, आणि तेथील पाणी उन्हाळ्यात किती खाली जात असे.